टिपू का?

कमरुद्दीन सोलकरने इंग्रजांना नक्की कधी हरवलं हे सांगता येणार नाही, पण हरवलं. तेही फुजैरात, शुक्रवारच्या जेवणानंतर, सोफ्यावर आडवं पडून, पोटावर रिमोट ठेवून.

तसा माणूस साधा. जयगड खाडीच्या काठावर जन्मला, विशीत गल्फमध्ये फुजैराला आला आणि एका कंपनीत चिकटला तो चिकटलाच. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना कांदे-बटाटे, पिण्याचं पाणी, दोरखंड, साबण असलं सगळं लाँचमधून पोचवायचं हे कंपनीचं काम, आणि कांदे चढले की नाही हे बघायचं कमरुद्दीनचं. बघायचाही चोख. पण जन्मभर कांदे चढवले म्हणून कुणी गळ्यात हार घालत नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणी मुलाची अमेरिका मिरवतो, कुणी स्वतःची बायपास मिरवतो. कमरुद्दीनचा मुलगा अर्श तिथून लांब मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये, आणि हृदय तर ठणठणीत. मग मिरवणार काय, कपाळ?

ही अडचण टिपू सुलतानने सोडवली. शारजाला 'कोकण किनारा मंडळा'त एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. कमरुद्दीन आपला नंतरच्या बिर्याणीच्या आशेने बसला होता. पाहुणे बोलता बोलता म्हणाले की मैसूरच्या टिपूची मस्कतला व्यापाराची कोठी होती, तिकडून तांदूळ, चंदन, मिरी जहाजात भरून इकडे यायची. कमरुद्दीन ताडकन सरळ बसला. मस्कत! म्हणजे सकाळी गाडी काढली तर जेवायला तिथे!

"लिओ, हा तर आपल्या लाइनीतला माणूस निघाला रे!" तो शेजारच्या खुर्चीला कोपर मारत म्हणाला.

"कोण?"

"टिपू. सप्लाय करायचा इकडे."

लिओ तुस्कानो वसईचा. एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला, आणि फुजैरात कमरुद्दीनच्या समोरच्या दारात. दोघांचे संसार एकाच मजल्यावर वाढले, एकमेकांच्या घरची मिठाची बरणी कुठे आहे हे दोघांनाही माहीत. त्यामुळे पुढच्याच सुट्टीत कमरुद्दीनने टिपूची कोठी शोधायला मस्कतची मोहीम काढली तेव्हा गाडी लिओनेच चालवली. बाजारातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला कमरुद्दीनने छाती पुढे काढून अरबीत विचारलं, "टिपू सुलतान, वेन?" म्हणजे कुठे? म्हातारा मायेने म्हणाला, "हबीबी, रेस्टॉरंट ना? सिग्नलच्या पुढे." सिग्नलच्या पुढे टायरचं दुकान होतं. कमरुद्दीनने त्या दुकानासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मग घरात सुधारणा सुरू झाल्या. टिपूने रेशमाचा धंदा वाढवला म्हणून बाल्कनीत तुतीचं झाड आलं. ऑगस्टात एसीच्या बाहेरच्या युनिटने त्याच्यावर अशी काही गरम हवा सोडली की ते आठवड्यात शहीद झालं. टिपूने गावांची नावं बदलली, महिन्यांची बदलली, वजनमापंसुद्धा बदलली. कमरुद्दीनने व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोटोच्या जागी टिपूचा वाघ लावला आणि 'सोलकर फॅमिली'चं नाव 'सल्तनत' केलं, तशी त्याची बायको हव्वाबी दुसऱ्या मिनिटाला ग्रुप सोडून गेली. टिपूने दारूबंदी केली होती हे कळल्यावर लिओ एवढंच म्हणाला, "तरीच. इंग्रज उगाच चिडले नाहीत."

बरं, जे खरं ते खरं. टिपूने रॉकेटं उडवली, इंग्रजांच्या नाकात दम आणला, आणि शेवटी तहात न अडकता लढता लढता मेला. हे कमरुद्दीन घसा फुटेस्तोवर सांगायचा. मराठ्यांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि टिपूने तो सावरायला मदत पाठवली, हा तर त्याचा हुकमाचा एक्का. पण कुर्ग, मलबार, मंगळूर ही नावं निघाली की त्याची रेंज जायची. "वो सब इंग्रजों का लिखा हुआ है," म्हणायचा आणि विषय कट. टिपूच्या शौर्याचं कौतुकही इंग्रजांनीच लिहून ठेवलं होतं, पण ते मात्र खरं! विरोधी बाजूचे विद्वानही काही कमी नव्हते. त्यांना टिपूचं नाव ऐकलं की मुंग्या चढायच्या, बाकी त्यांचंही शिक्षण त्याच मोबाईल कॉलेजात झालेलं.

मंडळाच्या एका मीटिंगमध्ये तर कहर झाला. खोर फक्कानला पिकनिक न्यायची होती. मंडळाची सेक्रेटरी हेमा कारखानीस, पुण्याची, भाषेने भलती शुद्ध. कुणी काही सुचवलं की पेन वर करून विचारायची, "हे टिपू का?" म्हणजे लिहून घेऊ का? कमरुद्दीनला तिसऱ्या रांगेत डुलकी लागलेली. कानावर फक्त "टिपू का?" पडलं आणि गडी उभाच राहिला.

"टिपू का? मी विचारतो, टिपू का नाही?" आणि जे सुरू झालं! रॉकेट, रेशीम, मस्कत, शृंगेरी. हेमाचं पेन हवेतच राहिलं. लिओने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. पिकनिक काही ठरली नाही, पण कमरुद्दीनचं नाव मंडळात कायमचं 'टिपूभाई' पडलं, आणि त्याला ते पदवीसारखं वाटलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. मग त्याला नातू झाला.

अर्शची बायको फिझा श्रीवर्धनची. बाळंतपण फुजैरातच झालं. अर्श वीकेंडला मुसफ्फाहून धावत आला, पोराचं तोंड बघितलं आणि रडला. कमरुद्दीनने पोराचं तोंड बघितलं आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "टिपू!"

फिझा उशीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अब्बा, आमच्या वाडीत या नावाचे तीन होते. तिन्ही शेपटीवाले."

"ती इंग्रजांची बदमाशी! मुद्दाम कुत्र्यांना नाव दिलं त्याचं. म्हणून तर आपण पोराला द्यायचं."

"आणि उद्या हा शिकायला रत्नागिरीला गेला, तर? तिथे तुम्ही असणार आहात लेक्चर द्यायला?"

कमरुद्दीनला एवढी समजूतदार सून आवडायची, पण आपल्यासमोर बोलताना नाही. शेवटी अर्शने तोड काढली. कागदावर फिझाच्या पसंतीचं 'राहील', आणि घरात हाक मारायला टिपू. कमरुद्दीनने तह मान्य केला. आपला हीरो शेवटी तहात अडकला नव्हता हे त्याला त्या दिवशी आठवलं नाही.

आता उरली एक गोष्ट. सोलकरांच्या घरात पोराचं नाव पहिल्यांदा त्याच्या कानात सांगायचं ते फुफीने, म्हणजे बापाच्या बहिणीने. अर्श जन्मला तेव्हा कमरुद्दीनची बहीण बानू गावाला, तिला व्हिसा कुठला? हव्वाबी परक्या मुलखात बाळंत झालेली, जवळ ना आई ना सासू. तेव्हा शेजारच्या ॲडेलिनने, लिओच्या बायकोने, सव्वा महिना तिला पेज-भाजी रांधून घातली. अर्शला मांडीवर घेऊन त्याचं नाव तिनेच कानात सांगितलं. तेव्हापासून अर्शची फुफी ती. अर्शला सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या पोराच्या कानातही नाव सांगायचा मान तिचाच.

कमरुद्दीन तिला सांगायला गेला तेव्हा ती ओट्यापाशी सुरमई कापत होती.

"रविवारी अकीका आहे. तूच घ्यायचंस पोराला, नाव तूच सांगायचं."

"न सांगता सोडते की काय! काय नाव ठरलं, कमरभाई?"

"टिपू."

सुरी थांबली. ॲडेलिनने नळ सोडून हात धुतले, पुसले, आणि मग वळली. "माझी मम्मी मंगळूरची. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत नसायला काय झालं? तिच्या हातच्या सान्नां काय कमी खाल्ल्यात मी!"

"सान्नां खाल्ल्यात. गोष्ट नाही ऐकलीत." ती स्टुलावर बसली. "आमची एक पणजीची पणजी. टिपूची माणसं आली तेव्हा पोर होती. गावच्या गाव उठवलं, मंगळूरपासून श्रीरंगपट्टणला चालवत नेलं. घाट चढताना तिची आई वाटेतच बसली ती उठली नाही. या पोरीजवळ फडक्यात बांधलेलं मूठभर मीठ होतं. तेवढंच घेऊन ती चालली. म्हणून आमच्याकडे कुणी लांब जायला निघालं की अजून मिठाची पुडी बांधून देतात. मी फुजैराला आले तेव्हा मम्मीने मलाही दिली होती."

कमरुद्दीनने सवयीने तोंड उघडलं. "पण ॲडेलिन, ते लोक इंग्रजांना फितूर होते असं..."

"ती पोर? दात पडत होते तिचे, कमरभाई. ती कोणाला फितूर होणार?"

मोबाईलवर असता तर त्याने रेंज गेली म्हणून कट केला असता. पण ही समोर बसली होती, ओल्या हातांची, जिने त्याच्या पोराला पहिलं नाव दिलं ती. कमरुद्दीन "बरं, येतो" म्हणून उठला.

घरी हव्वाबीला सगळं कळलंच. त्या मजल्यावर भिंती नावापुरत्याच. "ॲडेलिनबाय आली नाय तर पोराच्या कानात नाव कोण सांगणार? तो तुमचा टीव्ही?" ती म्हणाली. "बदला नाव. जीभ झिजते काय?"

झिजली नसती. 'चल, दुसरं ठेवू' एवढंच म्हणायचं होतं. पण तोवर मंडळाला कळवून झालं होतं, केकवर वाघ काढायला सांगून झालं होतं, मस्कतच्या टायरच्या दुकानासमोरचा फोटो 'कोठीच्या जागेवर' म्हणून सगळीकडे पाठवून झाला होता. एवढा मोठा सुलतान, आणि माघार घेणार? छे! मनातून मात्र तो हादरला होता. ती नाहीच आली तर? इतक्या वर्षांचं समोरचं दार बंद झालं तर? शनिवारी दिवसभर तो दाराच्या भोकातून तिच्या दाराकडे बघत होता.

रविवारी ॲडेलिन आली. चर्चहून थेट, त्याच कपड्यांत. हॉल माणसांनी भरलेला. गल्फमधून कोकणात जाणाऱ्या प्रत्येक बॅगेत असतं तसल्या वाघाच्या चित्राच्या जाड ब्लँकेटमध्ये पोराला गुंडाळलं होतं, आणि बिचारं घामाने निथळत होतं. तिने आधी तो वाघ बाजूला काढला. पोराला नुसत्या दुपट्यात मांडीवर घेतलं. पर्समधून कापडाची एवढीशी पुडी काढून दुपट्याच्या टोकाला बांधली. कमरुद्दीनला ती पुडी कसली हे कळलं आणि तो केककडे बघत राहिला.

मग ती पोराच्या कानाशी वाकली. "टिपू," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "टिपू." तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फाटला, पण म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हव्वाबीने ॲडेलिनच्या हातात टिश्यू दिला. "डोळे टिप गो बाय."

"टिपते गं," ॲडेलिन म्हणाली.

कमरुद्दीन जिंकला. आता हा विजय त्याने साजरा करावा की नाही? पण झालं भलतंच. पोराला खेळवायला घ्यायचा आणि नाव काही तोंडातून फुटायचं नाही. "बाबू", "राजा", "अरे ए" यांवर भागवायचा. हव्वाबी आणि फिझा तर राहीलच म्हणायच्या, अर्श दोघींना घाबरून तेच म्हणायचा. त्या मजल्यावर पोराला टिपू म्हणून हाक मारणारं एकच माणूस उरलं. संध्याकाळी क्लिनिकच्या रिसेप्शनवरून दमून आलेली ॲडेलिन समोरच्या दारातूनच ओरडायची, "टिपू, कुठे आहे माझा टिपू?" आणि पोरगं आतून किंचाळून साद द्यायचं.

एप्रिलात गावाहून बानूचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. जवळच्या एका बाजारात कुणाच्या तरी पोराने मोबाईलवर टिपूचं स्टेटस ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दगड पडले, शटरं बंद. "तुझा तो वाघाचा फोटो काढ रे बाबा आधी. इथे लोक आमचे मोबाईल बघतात."

कमरुद्दीनने वाघ काढला आणि गुलाब लावला. 'सल्तनत'चं परत 'सोलकर फॅमिली' झालं. त्याला कुणी हसू नये, कारण ती भीती खरी होती. बहीण तिकडे होती, घर तिकडे होतं. पण जे फिझाला बाळंतिणीच्या खाटेवर कळलं होतं ते सुलतानाच्या डोक्यात शिरायला दगड पडावे लागले.

एक मेला मंडळाचा महाराष्ट्र दिन. शारजाचा हॉल, ढोल-ताशे, फेटे. नव्या बाळांना स्टेजवर बोलावून त्यांची नावं वाचायची होती. हेमा टेबलाशी बसून एकेकाला विचारत होती. कमरुद्दीन नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभा, मागे ॲडेलिन आणि लिओ. फिझा आणि हव्वाबी फुजैरातच राहिल्या होत्या. पुढ्यात एक सद्गृहस्थ कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "ती स्टेटसवाली माणसं ना, धरून ठोकली पाहिजेत." कमरुद्दीनच्या मानेवर घाम आला. एसी तर जोरात होता.

त्याचा नंबर आला. हेमाने पेन वर केलं. "या, टिपूभाई. नाव सांगताय ना? टिपू का?"

ती बिचारी लिहून घेऊ का एवढंच विचारत होती. पण कमरुद्दीनला त्यात सुलतानच ऐकू आला. पुढचे गृहस्थ वळून बघत होते.

"नाही! नाही!" तो केवढ्याने ओरडला. "टिपू नाही! कोण म्हणतं टिपू? राहील! राहील!"

हेमा गोंधळली. "राहील? म्हणजे आत्ता टिपायचं नाही? बरं, राहू दे मग. नंतर सांगा." आणि तिने पुढच्या नंबराला हाक मारली.

रांग हसली. कमरुद्दीनला कळेना आपण काय बोललो. नातू कडेवर, आणि त्याला नावच नाही. तो बाजूला व्हायला लागला, तेवढ्यात मागून ॲडेलिन पुढे आली आणि तिने टेबलावर बोट ठेवलं.

"हेमा, लिही. कागदावर राहील. घरचं नाव टिपू. दोन्ही लिही."

मघाचे सद्गृहस्थ म्हणाले, "टिपू? अहो मॅडम, तुम्ही तर ख्रिश्चन ना? त्याने तुमच्या लोकांचं काय केलं माहीत आहे?"

"तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे," ॲडेलिन म्हणाली. "पण या पोराने काय केलंय? नाव मी ठेवलंय. काही प्रॉब्लेम?"

गृहस्थांना प्रॉब्लेम नव्हता. त्यांना अचानक वडापावच्या रांगेत जायचं होतं. हेमाने खाली मान घालून दोन्ही नावं लिहिली. कमरुद्दीनने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

परतताना लिओ गाडी चालवत होता. डोंगरातला रस्ता, बोगदे. कमरुद्दीन त्याच्या शेजारी, ॲडेलिन पोराला घेऊन मागे. मसाफी गाव मागे पडलं.

"ॲडेलिन," कमरुद्दीन शेवटी म्हणाला, पुढच्या काचेकडे बघत. "हे नाव घेताना तुला त्रास होत नाय?"

"होतो ना. रोज होतो."

"मग का घेतेस गो?"

"तुम्ही ठेवलंत आणि टाकून दिलंत. पोराला हाक कोणीतरी मारायला नको?"

तेवढ्यात पोरगं जागं झालं आणि रडायला लागलं. बोगद्यात ते रडणं दुप्पट मोठं वाटत होतं. कमरुद्दीन सीटबेल्ट ताणून मागे वळला. आज हाक मारायचीच असं ठरवून त्याने तोंड उघडलं, ओठ हललेही.

"राहील," तो म्हणाला. "ए राहील, बाबू, गप."

पोराने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"टिपू," ॲडेलिन म्हणाली, आणि ते गप्प झालं.